पिल्लासमोर बोलायचं नाही

अभयारण्यातल्या अनाथ पिल्लांच्या विभागात एक नियम सगळ्यांच्या डोक्यात कायमचा ठोकलेला होता. पिल्लासमोर तोंड उघडायचं नाही. चिखल-पाचोळा चोळलेला झगा घालायचा, चेहरा झाकायचा, दूध ठेवायचं आणि मुकाट्यानं परत फिरायचं. माणसाचा आवाज ज्याला गोड वाटू लागला, ते पिल्लू जंगलात सोडलं की थेट कुणाच्या तरी दारात जायचं आणि गोळी खायचं.

अस्वलाच्या पिल्लाला सांभाळणारी बाई या नियमाची पक्की समजली जायची. "तिथे गप्प बसते आणि घरी आल्यावर सगळं वसूल करते," असं तिचा नवरा चारचौघांत सांगायचा. विभागाचे डॉक्टर नव्या लोकांना तिचंच उदाहरण द्यायचे. तेव्हा ती झग्याची बटणं उगाच चाचपत राही. कारण पिल्लू आलं तेव्हा दुधाला तोंड लावेना, नुसतं रडायचं. एकदा तिच्या तोंडून निघून गेलं, "आले रे, आले." पिल्लू शांत झालं आणि प्यायलं. मग ते रोजचंच झालं. पोटच्या पोरांशीसुद्धा ती इतकं गोड बोलली नसेल.

आज परीक्षा होती. पिल्लू आता चांगलं दांडगं झालं होतं. वाळवीची वारुळं फोडायचं, उंबराच्या शेंड्यापर्यंत चढायचं. माणसाच्या आवाजाला बिचकलं तर उद्या जंगलात, नाहीतर जन्मभर पिंजऱ्यात.

डॉक्टर जाळीपाशी जाऊन मोठ्यानं बोलले. पिल्लू सरसर झाडावर गेलं. वनरक्षक ओरडला, तसं ते आणखी वर चढलं. सगळ्यांचे चेहरे खुलले.

"आता तू," डॉक्टर तिला म्हणाले. "तुझा तर आवाजच त्यानं ऐकलेला नाही."

तिनं नकारार्थी मान हलवली. डॉक्टर हसत वाट बघत उभे राहिले.

"माझा घसा बसलाय हो," ती मुद्दाम आवाज जाड करून पुटपुटली.

तेवढं पुरलं. पिल्लू धडपडत खाली आलं आणि जाळीला नाक लावून गुणगुणू लागलं, दूध पिताना गुणगुणायचं तसं.

वनरक्षक उद्याची गाडी रद्द करायला फोन घेऊन बाजूला गेला. तिला मेल्याहून मेल्यासारखं झालं. डॉक्टरांनी चार शिव्या हासडल्या असत्या तर तिला बरं वाटलं असतं.

"मोठा पिंजरा बांधायला घेऊ," ते म्हणाले. मग तिच्याकडे वळून, "बोल त्याच्याशी. आता काय बिघडायचंय?"

तिनं तोंड उघडलं, पण शब्द फुटेना. पिल्लू जाळीवर पंजे टेकून तिची वाट बघत होतं.