तोंड दाबलेली स्क्रिप्ट

मित्रांनो, मला हात नाहीत, पाय नाहीत. मी एक जुनी स्क्रिप्ट आहे. कॉम्प्युटरला एकामागून एक कामं सांगणाऱ्या चार ओळी म्हणा ना. एका एक्स-रे केंद्रातल्या काकांनी मला लिहिलं. दिवसभराचे एक्स-रे संध्याकाळी दुसऱ्या डिस्कवर उतरवायचे, ही माझी चाकरी. काही बिनसलं तर काकांच्या फोनवर कळवायचं. "ही आहे म्हणून मी निर्धास्त," काका सगळ्यांना सांगायचे.

मग केर काढताना दुसऱ्या डिस्कची वायर सैल झाली. कधी लागायची, कधी काम चालू असतानाच सुटायची. मी रोज कळवू लागले. रोज मरे त्याला कोण रडे! "काय रोजची कटकट," म्हणत काकांनी माझे चुकांचे निरोप परस्पर फेकून द्यायची सोय केली. शिवाय माझी शेवटची ओळ लिहिली, 'सर्व ठीक'. काहीही होवो, मी तेच म्हणायचं. पुढे काका निवृत्त झाले आणि वायर पुरतीच निघाली.

एक्स-रे उतरवण्याआधी माझी अट एवढीच होती: दुसऱ्या डिस्कच्या नावाचा फोल्डर आहे का? फोल्डर पहिल्या डिस्कवरच होता, त्यामागची दुसरी डिस्क नव्हती. प्रती पहिल्याच डिस्कवर पडत राहिल्या. मग तीही आचके देऊ लागली. मी जीव तोडून सांगत होते, पण फोनवर जात होतं 'सर्व ठीक'. तोंड दाबून बुक्क्यांचा मार, दुसरं काय!

शेवटी ती पहिली डिस्क गेली, मूळ एक्स-रे आणि प्रती दोन्ही घेऊन. त्याच सकाळी एक आई मुलीला घेऊन आली. मुलीचा कणा वाकतोय. "इथे काढलेला जुना एक्स-रे मिळाला, तरच वाक वाढलाय का ते कळेल," डॉक्टर म्हणाले. "त्याशिवाय ऑपरेशनचं कसं ठरवू?"

नव्या कॉम्प्युटरवाल्या ताईंनी मला एकेक पायरी पडद्यावर दाखवत चालवलं. माझ्या अटीपाशी त्या थबकल्या. "अगं, डिस्क लागलीय का, हे कुणी विचारायचं?" त्यांनी अट बदलली, माझं तोंड मोकळं केलं, पुन्हा चालवलं. कितीतरी काळाने मी खरं बोलले: 'दुसरी डिस्क नाही. थांबले.'

ताईंनी वायर खोचली. त्या डिस्कवर वायर निघण्याआधीचे, फार जुने एक्स-रे होते. मुलीचा नव्हता.

"नाही म्हणजे? कुठेच नाही?" आईने विचारलं.

मित्रांनो, चूक सांगणाऱ्यावर हवं तर चिडा, पण त्याचं तोंड दाबू नका हो. माझं तोंड आज मोकळं आहे, पण सांगण्यासारखं काही उरलं नाही. बाहेर खुर्चीवर ती मुलगी पाठ ताठ करून बसली आहे. ताठ बसलं तर ऑपरेशन टळेल, असं तिला वाटतंय.