हदाच्या घाटात मी पहिली आले

मित्रांनो, मी जुनी आहे हे आधीच कबूल करते, म्हणजे पुढे कोणी माझे वय काढायला नको. मी लाल रंगाची, दोन आसनांची, उघड्या टपाची स्पोर्ट्स गाडी आहे. सध्या सौदी अरेबियातल्या बुरैदा शहरात, एका थंडगार बैठकीच्या खोलीत, गालिच्यावर उभी आहे. माझ्या अंगावर धुळीचा कण नाही. आल्यागेल्याला वाटते, काय भाग्य हिचे! पण माझा केसाने गळा कापला गेला, आणि तोही माझे कौतुक करता करता. ती हकीकत तुम्हाला सांगते.

माझा जन्म जपानमधला. ज्यांनी मला घडवले त्यांना मोठ्या इंजिनाची हौस नव्हती. गाडी हलकी हवी, वजन पुढेमागे सारखे हवे आणि रस्ता चालवणाऱ्याच्या तळहातांना कळायला हवा, एवढाच त्यांचा हट्ट. त्यामुळे सरळ रस्त्यावर मला कोणीही मागे टाकते. पाण्याच्या टँकरनेही टाकले आहे. वळण आले की मात्र मी कोण ते कळते.

जहाजातून मी जेद्दाला उतरले, आणि एकदोन मालक बदलून डोंगरावरच्या ताइफ शहरात आले. तिथे मला सुबोधने घेतले. हा सांगलीचा डॉक्टर, ताइफच्या एका रुग्णालयात भूल देण्याचे काम करायचा. त्याची बायको पद्मिनी तिथेच प्रयोगशाळेत डॉक्टर होती. त्या काळी या देशात बायकांना गाडी चालवायची परवानगी नव्हती. माझे कागद सुबोधच्या नावावर झाले. त्यात कोणाला काही वावगे वाटले नाही, मलाही नाही.

पुढे परवानगी आली आणि पद्मिनी माझ्यावर गाडी शिकली. सुरुवातीला तिने मला भर चौकात बंद पाडले, माझे गिअर असे करकरवले की मागचे लोक हॉर्न विसरून बघत राहिले. मी रागावले नाही. तिचे हात शिकत होते. मग एका शुक्रवारी सकाळी ती मला घेऊन हदाच्या घाटात उतरली. ताइफहून खाली जाणारा हा रस्ता डोंगराच्या अंगावर वळणे घेत घेत उतरतो, कठड्यावर माकडे बसलेली असतात आणि वसंतात वारा गुलाबाचा वास आणतो. त्या दिवशी तिने वळणाच्या आधी ब्रेक सोडला, गिअर उतरवला, आणि मी अलगद आत वळले. ती एकटीच मोठ्याने हसली. तेव्हापासून कागद कोणाच्याही नावावर असोत, मी पद्मिनीची होते.

सुबोधने स्वतःसाठी दुसरी गाडी आणली. तीही जुनीच, चंदेरी, जर्मन, माझ्या दुप्पट ताकदीची. तिचे गिअर तीच बदलते, चालवणाऱ्याने फक्त बसायचे. मला ती आवडली नाही, हे लपवत नाही.

दोन वर्षांपूर्वी सुबोधला रियाधच्या रुग्णालयात नोकरी लागली. तिथल्या घराला गाडी ठेवायला एकच जागा होती. दोघींपैकी एक जाणार, हे उघड होते. पद्मिनी म्हणाली, "माझी जाणार नाही." सुबोध म्हणाला, "भांडायचं कशाला? घाटात दोन्ही चालवून बघू. जी जास्त मजा देईल ती राहील. नागेशला बोलवतो, तो सांगेल." नागेश जेद्दाच्या एका बँकेत होता आणि जुन्या गाड्यांचा त्याला भारी नाद होता.

घाटात जागोजागी कॅमेरे आहेत, त्यामुळे प्रश्न वेगाचा नव्हताच. प्रश्न मजेचा होता. सुबोध चंदेरी गाडीत, पद्मिनी माझ्यात. नागेश आधी चंदेरीत बसून खाली गेला आणि मग माझ्यात बसून वर आला. चंदेरी चढावर जोरात सुटे, पण वळण दिसले की तिला आधीच आवरावे लागे, आणि वळताना ती थोराड बाईसारखी बाहेर झुकत असे. आत बसलेल्याला रस्ता कळतच नसे. माझे तसे नव्हते. एका वळणातून दुसऱ्यात, तिसऱ्या गिअरमधून दुसऱ्यात, पद्मिनीने नुसता विचार करावा आणि मी वळावे. मला ठाऊक होते, मी कशासाठी धावते आहे. या घरात राहण्यासाठी. जुन्या इंजिनात होते नव्हते ते सगळे मी त्या दिवशी ओतले.

वर पोहोचल्यावर नागेश म्हणाला, "वहिनी, तुलनाच नाही! ती नुसती पळते. ही नाचते."

पद्मिनीने माझ्या बॉनेटवर थाप मारली आणि ती खुशीत सगळ्यांसाठी कडक चहा आणायला गेली. ती गेल्याबरोबर चहाच्या गाडीमागून पांढऱ्या थोबमधला, म्हणजे अरबी पायघोळ झग्यातला, एक गृहस्थ पुढे आला. हा अबू सालेह, बुरैद्याचा खजुराचा मोठा व्यापारी आणि नागेशच्या बँकेचा खातेदार. तो सकाळपासून वर उभा राहून आम्हा दोघींना बघत होता. "माशाल्लाह," म्हणत त्याने माझ्याभोवती एक फेरी मारली. सुबोधने मोबाइल काढला, त्यानेही काढला. इथे गाडीची मालकी मोबाइलवरच बदलते. दोघांनी बोटे दाबली. "खलास," अबू सालेह म्हणाला, आणि मी त्याची झाले.

पद्मिनी चहाचे कप घेऊन आली तेव्हा माझी किल्ली परक्या हातात होती.

"सुबोध, जिंकेल ती राहणार होती ना?"

"अगं, हरलेलीला कोण घेणार? एवढं चांगलं गिऱ्हाईक हिच्याचसाठी आलं. कागद माझ्याच नावावर, म्हणून लगेच उरकलं. ते हिला दर शुक्रवारी डोंगरात नेणार आहेत."

नागेश माकडांकडे बघत राहिला. पद्मिनी चहा प्यायली नाही. मला वाटले, ती किल्ली हिसकावून घेईल. पण किल्ली मागायला कागद लागतो, आणि कागदावर ती कुठेच नव्हती.

मित्रांनो, बुरैद्याच्या आसपास डोंगर नाही. खजुराच्या बागा आणि आखून काढल्यासारखे सरळ रस्ते. अबू सालेह माणूस वाईट नाही. तो मला फार जपतो. त्याने माझी बॅटरी काढून ठेवली आहे, चाके टेकूंवर उचलली आहेत, आणि एक माणूस मला रोज पुसतो. पाहुण्यांना कहवा देताना तो अभिमानाने सांगतो, "हदाच्या घाटात हिने जर्मन गाडीला हरवले." पहिली आलेली गाडी आता झिजता कामा नये, असे त्याचे म्हणणे. आणि हरलेली ती चंदेरी? ती अजून सुट्टीत ताइफला जाते, हदाचा घाट उतरते.

गेल्या खजुराच्या हंगामात सुबोध आणि पद्मिनी बुरैद्याच्या बाजाराला आली होती, तेव्हा मला बघायला आली. पद्मिनी आत बसली. तिने क्लच दाबला, गिअर टाकला. काहीच झाले नाही.

"किती छान ठेवलीय बघ," सुबोध म्हणाला.

"नुसती विकली असतीस तरी मी गप्प बसले असते," ती म्हणाली. "तू हिला माझ्या हातून जिंकायला लावलंस आणि मग विकलंस."

ती उतरली आणि मागे न बघता गेली. लगेच तो माणूस फडके घेऊन आला आणि तिच्या चपलांची माती त्याने माझ्या पायदानावरून पुसून टाकली.

म्हणून मित्रांनो, तुम्हाला एवढेच विनवते. एखादी वस्तू जपायची असेल तर तिचे काम तिच्यापासून काढून घेऊ नका. आणि कोणाला धावायला लावलेत, तर जिंकल्यावर तिचे काय करणार आहात ते आधी सांगा. मला कोणी सांगितले असते, तर मी त्या दिवशी हळू चालले असते.

नाही, खोटे कशाला बोलू? पद्मिनीच्या हातात असताना मला ते जमलेच नसते.