आम्ही सगळे आगगाडीने आलो

आमच्या भागात त्या कादंबरीचं नाव कुणी घेत नाही. 'ते पुस्तक' म्हणतात, तुरुंगात जाऊन आलेल्या मेहुण्याला 'तो' म्हणतात तसं. ते कुणी वाचलेलं नाही आणि त्याबद्दल प्रत्येकाला ठाम मत आहे. मी इथल्या साप्ताहिकात उभा जन्म लोकांची टिंगल करून पोट भरलं. शेरीफ, पाद्री, कापसाचे मळेवाले, कुणाला म्हणून सोडलं नाही. फक्त त्या पुस्तकाच्या वाटेला कधी गेलो नाही, कारण पोट भरायचं होतं.

त्या पुस्तकाला पन्नास वर्षं झाली त्या वसंतात उत्तरेकडच्या विद्यापीठातून डॉ. मेरिडिथ हॅल्स्टेड नावाच्या बाई आल्या. त्या कादंबरीवर संशोधन करत होत्या. पुस्तकातली माणसं लेखकानं कुणाला बघून लिहिली, ते त्यांना शोधायचं होतं. म्हणजे दुष्काळात, धुळीच्या वादळांत आणि मंदीत ओक्लाहोमा, आर्कान्सा सोडून, ट्रकवर गाद्या बांधून इथं कॅलिफोर्नियात कापूस वेचायला आलेले लोक. आधी कालव्याच्या कडेला पुठ्ठ्याची खोपटी, मग नशीब असेल तर सरकारी कॅम्पातला तंबू. ज्यांना इथले जुने रहिवासी 'ओकी' म्हणायचे आणि म्हणताना तोंड वाकडं करायचे, ते लोक.

बाईंनी साप्ताहिकात जाहिरात दिली, की अशांनी कृपया भेटावं. एकही माणूस आला नाही. मग बाई स्वतःच न्हाव्याच्या दुकानात, चर्चच्या दारात, पेट्रोल पंपावर जाऊन विचारू लागल्या. सगळे अदबीनं बोलले. सगळे आगगाडीने आले होते. एकानं तर डब्यात मिळालेल्या सूपचं वर्णन केलं. शेवटी बाई माझ्याकडे आल्या आणि म्हणाल्या, सगळेच जर आगगाडीने आले तर मग त्या ट्रकांतून कोण आलं? मी म्हटलं, ट्रक रिकामेच आले असावेत.

मी स्वतः आर्कान्साहून ट्रकच्या टपावर, कोंबड्यांच्या खुराड्याला टेकून आलो होतो. कोंबड्यांनी कुणाला सांगितलं नाही, मीही नाही.

माझी बायको ओलेटा वाचनालयाच्या महिला मंडळाची अध्यक्ष होती. पाहुणीला जेवायला बोलावणं मंडळाचं कर्तव्यच, असं तिनं ठरवलं. शिवाय बाईंच्या हातून गावाबद्दल चार बरे शब्द लिहून घ्यायचे होते. ओलेटाचीही एक आगगाडी होती आणि ती गावात सगळ्यात देखणी होती. वडिलांचं तुल्सा शहरात लोखंडी सामानाचं दुकान, दाराला पितळी घंटा. आईच्या छातीला कोरडी हवा हवी असं डॉक्टर म्हणाले, म्हणून सगळे इकडे आले. लाल मखमली बाकं. वडिलांनी इथंही छोटं दुकान काढलं आणि पुष्कळ वर्षांनी एका रविवारी झोपेतच गेले. ही गोष्ट मी लग्नाआधीपासून ऐकत आलोय. खरी गोष्ट मला सासूबाईंनी एकदाच सांगितली होती, तीही भेंडी चिरता चिरता, माझ्याकडे न बघता.

सासूबाई, म्हणजे झेला, आमच्याकडेच मागच्या खोलीत राहायच्या. वय चौऱ्याऐंशी, बुद्धी सुरीसारखी. अडचण तीच होती. बाईंनी फोनवर विचारलं, तुमच्या मातोश्री हयात आहेत ना, त्यांच्याशी बोलता येईल का? ओलेटा स्वयंपाकघरात फोन घेऊन उभी होती. ती म्हणाली, आई आहे, पण आता तिला काही आठवत नाही. माणसंसुद्धा ओळखत नाही.

सासूबाई तिथंच सिंकपाशी शेंगा मोडत होत्या. त्यांचा हात क्षणभर थांबला, मग पुन्हा चालू झाला. त्याच सकाळी त्यांनी मला मी लग्नात कुठल्या रंगाचे मोजे घातले होते ते सांगून माझा दिवस खराब केला होता.

फोन ठेवल्यावर ओलेटा आईकडे न बघता म्हणाली, "तुला उगाच त्रास नको म्हणून म्हटलं."

"बरं केलंस," सासूबाई म्हणाल्या. "मी कोपऱ्यात बसेन."

जेवणाचा बेतही आगगाडीला शोभेल असाच होता. काकडीचे पातळ सँडविच, थरथरणारी जेली, लग्नातल्या चिनी मातीच्या प्लेटा. सासूबाईंनी पहाटे मक्याचा पाव भाजला होता. ओलेटानं तो फडक्यात गुंडाळून कपाटात, वॉशिंग पावडरच्या मागे ठेवला. मंडळाच्या दोघी मदतीला आल्या. एक ट्वायला, मिसुरीतल्या बँकवाल्याची मुलगी. निदान ती तसं सांगायची. दुसरी ज्युएल, आमच्या आधीच्या पाद्र्याची विधवा. ती कुठून आली ते कधी सांगतच नसे, त्यामुळे तिला सगळ्यात जास्त मान होता.

सासूबाई ठरल्याप्रमाणे कोपऱ्यातल्या खुर्चीत, गुडघ्यावर शाल घेऊन, कुठेच न बघता बसल्या. इतकं चांगलं काम मी आमच्या शाळेच्या नाटकातही पाहिलं नव्हतं. डॉ. हॅल्स्टेड वाकून त्यांच्या कानाशी मोठ्यानं "नमस्कार, आजी" म्हणाल्या. सासूबाईंनी त्यांच्याकडे बघून गोड हसून ओलेटाला विचारलं, "ही तुझी बहीण का गं?" ओलेटाला बहीण नाही. तिच्या मानेवर लाली चढली.

बाई माझ्याशेजारी कोचावर बसून टेप रेकॉर्डर उघडत होत्या; माझ्या हातात कॉफीचा कप, पुढ्यात तिपाईवर साखर. तिघी बायका टेबलापाशी होत्या, सगळं मांडून झालं होतं. तेवढ्यात वारा सुटला. समोरचं शेत पेरणीसाठी नुकतंच नांगरलेलं, त्याची सगळी माती उठली. तावदानं खडखडली आणि खोलीतला उजेड पिवळट झाला, मग तपकिरी.

ट्वायलानं टेबलावरच्या प्लेटा एकेक करून पालथ्या घातल्या. ज्युएलनं पेले उपडे केले. ओलेटानं दोन टॉवेल नळाखाली धरले, पिळले, एक खिडकीच्या फटीत बोटानं दाबत दाबत भरला आणि दुसऱ्याची गुंडाळी करून दाराखाली सारली. तिघी एकमेकींकडे बघतही नव्हत्या. मी कप खाली ठेवायच्या आत सगळं उरकलं होतं. माझा स्वतःचा पंजा साखरेच्या भांड्यावर झाकणासारखा बसला होता, हे मला नंतर कळलं.

मग हात थांबले. ट्वायला आपल्या बोटांकडे अशी बघत होती, जशी काही ती बोटं शेजारणीची होती. बँकवाल्यांच्या घरात ताटं पालथी घालत नाहीत. ती सवय ज्या घरात धुळीनं ताटातलं अन्न कचकचायचं तिथलीच.

डॉ. हॅल्स्टेड यांना ते माहीत होतं. त्यांच्या चेहऱ्यावर दिसलंच. त्यांनी हळूच विचारलं, प्लेटा पालथ्या का घातल्या?

बाहेर वारा, आत नळाची टिपटिप.

"मी घातल्या," कोपऱ्यातून सासूबाई म्हणाल्या. "माझं डोकं ठिकाणावर नसतं, बाई. लेकीनं सांगितलं असेलच तुम्हाला."

त्या खुर्चीतून हललेल्यासुद्धा नव्हत्या. शालीची घडी होती तशी होती. हे खोलीतल्या प्रत्येकाला दिसत होतं आणि प्रत्येकजण दुसरीकडे बघत होता. ट्वायलानं तर जेलीकडे बघणं पसंत केलं. फक्त ओलेटा आईकडे बघत राहिली. तिचे हात ओले होते आणि ते कुठं पुसावेत हे तिला सुचत नव्हतं.

"तिचं डोकं ठिकाणावर आहे," ती शेवटी म्हणाली. "तिला सगळं आठवतं. फोनवर मी खोटं बोलले."

बाई गोंधळल्या. त्यांनी रेकॉर्डरचं बटण दाबलं आणि सासूबाईंना विचारलं, सांगाल का काही? तुम्ही इकडे कशा आलात?

सासूबाईंनी चष्मा काढला, शालीनं पुसला, पुन्हा घातला.

"आगगाडीने," त्या म्हणाल्या.

आणि त्यांनी सगळं सांगितलं. तुल्साचं दुकान, पितळी घंटा, लाल मखमल. ओलेटाच्या गोष्टीतलं काही सोडलं नाही, उलट भर घातली. तिकीट तपासनीस त्यांच्या नवऱ्याला, ऑर्व्हलला, टोपी काढून सलाम करायचा. ऑर्व्हलनं एका स्टेशनावर उतरून लेकीसाठी संत्री आणली आणि गाडी सुटता सुटता धावत येऊन चढला. इथं आल्यावर दुकानावर स्वतःच्या हातानं पाटी रंगवली. टेप फिरत होती. सासूबाईंचा आवाज इतका निवांत होता, की क्षणभर मलाही ती संत्री दिसली.

"आई," ओलेटा म्हणाली. "आगगाडी नव्हती."

"नव्हती?"

"ट्रक होता. शेजाऱ्यांचा."

"असं होय." सासूबाई रेकॉर्डरकडे नाही, लेकीकडे बघत होत्या. "मग आपण उतरलो कुठं गं?"

"कालव्याच्या कडेला. पुठ्ठ्याचं खोपट होतं."

"आणि दुकान?"

ओलेटानं खुर्चीची पाठ धरली. "दुकान नव्हतंच कधी. आपण कालव्याचं पाणी प्यायलो. बाबांना ताप आला. कॅम्पात तंबू मिळायचा होता, त्याच्या आधीच ते…"

"पुढं बोल."

"सरकारी खर्चानं पुरलं त्यांना. कडेच्या रांगेत. नावाची पाटी नव्हती. मी एकदाही गेले नाही तिथं."

हे सगळं ती आईला सांगत होती, शाळेत उभं करून पाठ म्हणायला लावावं तशी. आवाज चढला नाही, रडली नाही. मान मात्र लाल होती ती लालच राहिली. मी माझ्या पंजाखालच्या साखरेच्या भांड्याकडे बघत होतो. मोठमोठ्या माणसांची टर उडवणारा मी, मला त्या वेळी खोकलासुद्धा नीट आला नाही.

ट्वायलाला एकदम घरी इस्त्री चालू राहिल्याची आठवण झाली आणि ती त्या वावटळीतच निघून गेली. पुढच्या रविवारी चर्चमध्ये भेटली तेव्हा ती पुन्हा बँकवाल्याची मुलगी होती, आणि आम्ही तिला राहू दिलं. ज्युएल थांबली. तिनं एक प्लेट उचलून सरळ केली, आणि ती सासूबाईंसमोर नेऊन ठेवली.

टेप बाईंनी स्वतःच बंद केली. "संशोधनाला निघाले तेव्हा वाटलं होतं, लोक बोलले नाहीत तर मला राग येईल," असं त्या मला दाराशी म्हणाल्या. आता त्यांनाही कुठं बघावं ते कळत नव्हतं. जाताना त्यांनी ओलेटाला विचारलं, की हे लिहिलं तर चालेल का, नावासकट.

ओलेटा बराच वेळ दाराखालचा टॉवेल उचलत राहिली. मग म्हणाली, "बाबांचं नाव घाला. माझं नको."

बाईंनी मान हलवली. त्या गेल्या.

वारा पडला होता. ओलेटानं टेबल आवरायला घेतलं. प्लेट उचलली की टेबलक्लॉथवर खाली एक स्वच्छ गोल उरे, भोवती बारीक पिवळी धूळ. सँडविचना कुणी हात लावला नव्हता. मी मदत करायचं नाटक करत होतो.

"तुला राग आला का गं माझा?" ओलेटानं आईला विचारलं. तिची पाठ आईकडेच होती.

"कशाचा?"

"फोनवर बोलले त्याचा. आणि इतकी वर्षं ती आगगाडी."

सासूबाईंनी शालीची घडी घालायला घेतली.

"आगगाडी मला आवडायची," त्या म्हणाल्या. "तीत तुझे बाबा पोचतात."

ओलेटानं कपाट उघडलं, वॉशिंग पावडर बाजूला केली आणि फडक्यातला मक्याचा पाव बाहेर काढला. उपड्या पेल्यांतला एक सरळ केला, तो बोटानं आतून पुसून पाहिला, पाव त्यात कुस्करला, वर ताक ओतलं आणि चमचा घालून आईच्या हातात दिला.

सासूबाईंनी एक घास खाल्ला आणि म्हणाल्या, "साबणाचा वास लागलाय."