पोपुरीचा रस्सा

दोन महिन्यांपासून माह्या नाकाले वास येत नाही. ताप आला अन् जाताना वास घेऊन गेला. म्या कोणालेच सांगितलं नाही. काहून सांगू? आमच्या लकडगंजात शामलाबाईच्या हातचा मसाला म्हणजे नावाजलेला. वास येत नाही म्हटलं की सूनबाई कढई हातात घेईन, अन् मी बसन कोपऱ्यात मटार सोलत.

सून वेदिका. गच्चीवर सुपात काही ना काही वाळत टाकते. मागच्या आठवड्यात म्हणे, "आई, पोपुरी करून राहिली." मले ऐकू आलं पोटपुरी. म्हटलं असन एखादी नवीन पुरी, मोबाइलमध्ये पाहून.

रविवारी माह्या पोराले, सौरवले, कोंबडीचा रस्सा पाहिजे होता. ओट्यावर बरणी दिसली. लवंग, दालचिनी, चक्रीफूल, अन् काळपट, चुरगळलेलं काही तरी. दगडफूल असन, म्या समजली. सवयीनं हुंगून पाहिलं, कप्पाळ कळणार! तव्यावर भाजलं अन् मिक्सरमधून काढलं.

सौरवनं पहिला घास घेतला अन् थांबला. वेदिकाकडे पाह्यलं. मंग म्हणे, "मस्त झालं वं आई." वेदिकानं तर दोनदा रस्सा घेतला. मी खूश.

दुपारी कपडे काढाले गच्चीवर गेली, तर सुपात तेच काळपट!

"हे काय वं?"

"पोपुरी, आई. गुलाबाच्या पाकळ्या, संत्र्याची सालं. वासासाठी खोलीत ठेवतात. खात नाहीत."

माह्यं डोकंच फिरलं. "मंग मेले, तू दोनदा काहून घेतला? तोंड नव्हतं तुले?"

ती खाली पाहून म्हणे, "दोन महिन्यांपासून असंच जेवून राहिलो आम्ही. कधी हिंग दोनदा पडते, कधी दूध लागलेलं राहते. सौरव म्हणे, आईले बोलू नको."

म्हणजे रोजचं 'मस्त झालं' खोटं होतं? का खरं होतं? राग कोणावर काढू, तेच समजेना. रडूच आलं, मेलं.

"हे तुमच्याच खोलीसाठी केलं," वेदिका म्हणे. "म्या डॉक्टरले विचारलं. ते म्हणे, गुलाब, लवंग, संत्रं रोज हुंगत राहा, वास परत येऊ शकते. पण तुम्हाले सांगावं कसं?"

तिनं सूप माह्या नाकाशी धरलं. "आला काही?"

'आला' म्हणणारच होती. तोंडावरच होतं.

"नाही वं पोरी," म्या म्हटलं. "काहीच नाही आला."