बिब्बा आणि हळद

"तोंडावरचा टॉवेल काढा, तुम्ही बरे झालात," असं मी कारभारींना तीनदा सांगितलं, आणि तिसऱ्यांदा जरा ओरडूनच सांगितलं. माझा आवाज मुळातच मोठा. नाशिकरोडला आमच्या कॉलनीत नोटांच्या प्रेसचा भोंगा वाजला की वडील म्हणायचे, आमच्या पोरीने हाक मारली वाटतं. पण कारभारी ढिम्म हलेनात. त्यांची थुंकी तपासून झाली होती, छातीचा फोटो स्वच्छ आला होता, दीड वर्ष सुया आणि गोळ्या इमानेइतबारे घेऊन या माणसाने क्षयाला पार पिटाळून लावलं होतं. असा पेशंट समोर बसला की मला पेढे वाटावेसे वाटतात. आणि हे आपले नाकातोंडावर टॉवेल दाबून, खुर्ची शक्य तितकी मागे ओढून बसलेले.

"माझं जाऊ द्या बाई," ते टॉवेलाआडून म्हणाले. "पोरीला दिलं का म्या, तेवढं सांगा."

पोर म्हणजे चांगुणा, त्यांची एकुलती एक. आजार कळायच्या आधी कारभारी कित्येक महिने नुसतेच खोकत होते, आणि तेव्हा तीच त्यांच्या उशाशी बसून भाकरी चुरून द्यायची. आजार कळला त्या दिवसापासून कारभारींनी आपलं अंथरूण अंगणापलीकडे, कांदे साठवायच्या चाळीत नेलं, ताटवाटी वेगळी केली आणि लेकीला जवळ येऊ दिलं नाही. बोलायचं झालं तर अंगणापलीकडून, तेही टॉवेलाआडून. आता वैशाखात तिचं लग्न ठरलं होतं. लेक सासरी जाताना बापाकडून काय घेऊन जाणार, या घोराने त्यांना अन्न गोड लागत नव्हतं.

हे सगळं एक्क्याऐंशी सालचं. क्षयाचा जंतू गावात किती जणांना भेटून गेलाय, याचा एक लहानसा अभ्यास आमच्या विभागाने तेव्हा हाती घेतला होता. चाचणी सोपी होती. जंतूपासून काढलेलं, निर्धोक केलेलं औषध थेंबभर घ्यायचं आणि कोपराखाली हाताच्या कातडीत सोडायचं. जंतू पूर्वी कधी शरीरात येऊन गेला असेल तर शरीर त्याला ओळखतं, आणि त्या जागी दोन-तीन दिवसांत घट्ट गाठ उठते. आलाच नसेल तर हात सपाट राहतो. गाठ उठली म्हणजे माणूस आजारी असं मुळीच नाही, जंतूची जुनी ओळख आहे एवढंच. हे सगळं मी कारभारींना नीट समजावून सांगितलं. अभ्यासाला एक गाव हवंच होतं, ते मी त्यांचं निवडलं. याला कुणी वशिला म्हणत असेल तर खुशाल म्हणो.

गाव पिंपळगाव बसवंतच्या पुढे, हायवेपासून जरा आत होतं. सोमवारी आम्ही तिथे जाऊन सगळ्यांना टोचलं. आमचा आरोग्यसेवक बहिरू याने चावडीवर कर्ण्यातून सगळी माहिती दिली, लोकांनी माना डोलावल्या, आणि आम्ही खुशीत परत आलो. पण त्या गावाला सुईची ओळख होती ती देवीच्या लशीची. देवीची लस दंडावर टोचली की तिथे उठायलाच हवं. नाही उठलं तर टोचणारा पुढच्या फेरीला परत दारात हजर. उठलं म्हणजे लागू पडलं, अंग खणखणीत, असा हिशेब तिथल्या प्रत्येक म्हातारीच्या डोक्यात पक्का बसलेला होता. बहिरूचा कर्णा त्याच्यापुढे काय करणार!

गुरुवारी आम्ही हात बघायला गेलो, तर चावडीपुढे जत्रा भरलेली. बाया नवी लुगडी नेसून आल्या होत्या, पुरुषांनी बाह्या आधीच वर सारल्या होत्या. पहिला हात पाहिला, टम्म फुगलेला. दुसरा त्याहून मोठा. तिसऱ्यावर तर पाणी भरलेला फोड. मी एकेक गाठ पारदर्शक पट्टीने मोजत होते आणि माझं भान हरपत चाललं होतं. जगात कुठल्याही गावाने क्षयाच्या चाचणीला असा प्रतिसाद दिल्याचं मी वाचलं नव्हतं. पुण्याच्या साहेबांना तार करावी, की थेट दिल्लीच्या परिषदेत उभं राहून सांगावं, याचा मी मनातल्या मनात विचार करू लागले. कुठली साडी नेसायची तेही ठरलं.

तेवढ्यात एक जाडजूड गृहस्थ पुढे आले आणि हात माझ्यासमोर धरला. चांगला लिंबाएवढा फोड.

"नाव?"

"जयराम."

बहिरू माझ्या कानाशी वाकला. "बाई, यांना आपण टोचलंच नाही. सोमवारी हे गावात नव्हते."

"सोमवारी कुठं होता तुम्ही?" मी विचारलं.

"घोटीला. तांदूळ आनायला गेल्तो."

"मग तुम्हाला टोचलं कुणी?"

जयरामने आपल्या फोडाकडे प्रेमाने पाहिलं. "कुनी नाय."

"मग हे उठलं कसं?"

"आता आख्ख्या गावाचं उठलं बाई. माझंच ऱ्हायलं आसतं तर बायकू काय म्हनली आसती?"

मी त्याचा हात उजेडात धरला. फोडाच्या कडेने काळसर डाग होता. तो डाग मी लहानपणी आईच्या भेगाळलेल्या टाचेवर शंभरदा पाहिलाय. बिब्बा! अख्ख्या गावाने बिब्बा तापवून, त्याचं तेल सुईच्या टोकाने हाताला लावलं होतं. बिब्ब्यानेही कातडी उठते, आणि तीही शरीरच उठवतं, पण तो शरीराचा बिब्ब्यावरचा राग. मला हवा होता तो जंतूवरचा.

माझी दिल्लीची साडी तिथेच घडी होऊन पेटीत गेली. आधी मला असा संताप आला, की मी बहिरूच्या हातातला कर्णा हिसकावून घेतला. मग जयरामचा भोळा चेहरा पाहिला, आणि संतापाचं काय झालं कोण जाणे, मला हसूच फुटलं. कर्णा चालूच होता, त्यामुळे माझं हसणं पार शिवारापर्यंत ऐकू गेलं म्हणतात.

"सुरुवात कुणी केली?" मी विचारलं. सगळ्या नजरा एकाच पोरीकडे वळल्या. पिवळ्या लुगड्यातली, धीट डोळ्यांची. तीच चांगुणा.

"माझा नव्हता उठला," ती म्हणाली. "आन सासूबाईंचा मंगळवारीच टम्म उठला. त्या म्हनल्या, बाप टीबीचा, पोरीच्या अंगात दम हाय का नाय त्ये हातानं दाखवावं. नायतर लगीन नाय." तिने मान खाली घातली, पण आवाज नाही. "मला लगीन मोडायचं नव्हतं. मंग लावला बिब्बा. माझा उठलेला पाहून बाकीच्यांनी लावला."

तेव्हा मला कारभारी आठवले. गाठ उठण्याचा खरा अर्थ त्या अख्ख्या गावात फक्त एकाच माणसाला माहीत होता. लेकीचा हात उठला म्हणून दोन दिवस गाव त्यांचं अभिनंदन करत होतं, आणि ते बिचारे काय समजून बसले असतील! मी पट्टी-पेन तिथेच टाकून त्यांच्या मळ्याकडे धावले. ते चाळीच्या सावलीत भिंतीकडे तोंड करून बसले होते. टॉवेल होताच.

"दिलं म्या पोरीला," ते म्हणाले.

"काही दिलं नाही! तिनं बिब्बा लावलाय!"

"आँ?"

"बिब्बा, बिब्बा! लग्न मोडू नये म्हणून!"

कारभारी माझ्याकडे वळले. मग टॉवेल हलायला लागला. ते रडतायत की हसतायत मला कळेना, आणि मला वाटतं त्यांनाही कळत नव्हतं.

"मग नाय ना तिला?" त्यांनी विचारलं.

इथे मात्र मला जीभ आवरावी लागली. बिब्ब्याच्या फोडाखाली खरी गाठ आहे की नाही, हे कुणालाच सांगता येणार नव्हतं. "दुसऱ्या हाताला परत टोचू," मी म्हणाले. "मग सांगते."

मी चावडीवर परतले, तर लंकाबाई, म्हणजे चांगुणाच्या गावातल्याच होणाऱ्या सासूबाई, माझी वाटच बघत होत्या. त्यांचा हात अस्सल होता. काळा डाग नाही, फोड नाही, नुसती घट्ट गरगरीत गाठ. ती त्यांनी येणाऱ्या-जाणाऱ्याला दाखवून झाली होती. शेजारी त्यांचा मुलगा गोरक्ष, नवरा मुलगा, ओशाळून उभा.

"लंकाबाई," मी म्हणाले, "तुमच्या दारी कुत्रं आहे?"

"हाय की."

"अनोळखी चोर पहिल्यांदा आला तर ते चुकतं एखाद्या वेळी. पण तोच चोर परत आला तर?"

"वासावरनं उठतंय आन गाव गोळा करतंय."

"तुमच्या हाताचं तेच झालंय. क्षयाचा जंतू कधीतरी तुमच्या अंगात येऊन गेलाय. म्हणून सुई लागल्याबरोबर शरीर खवळून उठलं. ज्यांचा हात उठत नाही, त्यांच्या दारी बहुतेक चोर आलेलाच नसतो."

लंकाबाईंनी हात झटकन पदराखाली घेतला. "म्हंजी मला टीबी?"

"अजिबात नाही. तुमच्या शरीरानं त्याला धरून कोंडून ठेवलंय. तुम्ही ठणठणीत आहात. तरी छातीचा फोटो काढून घेऊ, म्हणजे तुम्ही निर्धास्त."

मग त्यांनी डाव फिरवला. "तर मंग पोरीचा हात नाय उठला पाहिजे. उठला तर लगीन नाय!"

आता मात्र माझा पारा चढला. मी तोंड उघडणार, तोच इतका वेळ जमिनीकडे बघणारा गोरक्ष बोलला. "आये, उठलेल्या हाताची बाई घरात चालत नसंल, तर तुला कुठं धाडू?"

चावडी हसून हसून लोळायची बाकी राहिली. लंकाबाईंनी मुलाला एक सणसणीत शिवी घातली, आणि मग स्वतःच पदर तोंडाला लावून हसू लागल्या. "लगीन व्हनार," त्या म्हणाल्या. "हात उठो नाय तर बसो." संध्याकाळपर्यंत त्या पदराखालचा हात परत बाहेर काढून सांगत होत्या, की टीबीचा जंतू आला होता, म्या त्याला कोंडून घातला.

लग्न मोडायचं टळलं. कारभारींचा प्रश्न मात्र तसाच होता. पुढच्या सोमवारी मी चांगुणाच्या दुसऱ्या हाताला टोचलं आणि बजावलं, की या हाताला पाण्याशिवाय काही लागलं तर मी लग्नात येऊन अक्षतांऐवजी बिब्बे टाकीन. राखण करायला कारभारी होतेच. काठी घेऊन ते अंगणापलीकडे बसले. कुणी बाई वाटी घेऊन चांगुणाकडे निघाली, की आधी वाटीत काय आहे ते दाखवायचं, मग पुढे जायचं. एका मावशीच्या हातचं गोडेतेलसुद्धा त्यांनी परत पाठवलं.

गुरुवारी हात बघायचा, आणि गुरुवारीच हळद. आमची जीप वाटेत कांद्याच्या टेम्पोमागे अडकली, आणि मी पोचले तेव्हा उशीर झाला होता. आंब्याच्या डहाळ्यांचा मांडव भरून गेला होता, बाया गाणी म्हणत होत्या, आणि चांगुणा पाटावर नखशिखांत पिवळी होऊन बसली होती. दोन्ही हात कोपराच्या वरपर्यंत हळदीने माखलेले. बहिरूने कपाळावर हात मारला. "बाई, आता काय दिसणार?"

"दिसायचं काय काम आहे?" मी म्हणाले. लाली डोळ्यांना दिसते, ती फसवते. गाठ बोटाला लागते. मी पाटाशेजारी बसले आणि तिचा हात मांडीवर घेतला. गाणी थांबली. मांडवाच्या बाहेर, अंगणापलीकडे, कारभारी उभे होते. टॉवेल तोंडावर, दुसऱ्या हातात काठी.

मी बोट फिरवलं. एकदा उभं, एकदा आडवं. ओल्या हळदीवरून बोट सरकत गेलं, कुठेही अडलं नाही. परत फिरवलं. नुसती मऊ, सपाट, तरुण कातडी. मला बोलायचं होतं, पण माझा तो भोंग्याएवढा आवाज ऐन वेळी कुठे गेला होता कोण जाणे. मी तशीच उठले, पिवळ्या हातांनी अंगण ओलांडून कारभारींच्या समोर उभी राहिले.

"हात सपाट आहे," मी म्हणाले. "पोर अशी धडधाकट आहे, की मला शंकाच उरली नाही. तुमच्याकडून तिला काही गेलं नाही, कारभारी. काहीसुद्धा नाही."

त्यांच्या हातातली काठी पडली. मागून लंकाबाई आल्या आणि काही कळायच्या आत त्यांनी माझ्या दोन्ही गालांना हळद फासली. "डॉक्टरीणबाई, आता तुमचाबी नंबर," त्या म्हणाल्या, आणि मांडवात पुन्हा कालवा सुरू झाला. मला इतका आनंद झाला होता, की मी चिडायचंसुद्धा विसरले.

"व्याही," लंकाबाई कारभारींना म्हणाल्या, "तुमी नाय लावायची व्हय लेकीला हळद?"

कारभारी पुढे आले. अंगण ओलांडायला त्यांना फार वेळ लागला. पाटापाशी पोचल्यावर त्यांनी सवयीने टॉवेल सावरला. मग थांबले, तो काढला आणि खांद्यावर टाकला. टॉवेलाखाली एवढी दाट पांढरी मिशी असेल असं मला वाटलं नव्हतं. त्यांनी वाटीत दोन बोटं बुडवली आणि लेकीच्या गालाला अगदी हलकेच, टेकवल्यासारखी केली.

चांगुणाने तो हात धरला आणि अख्खाच्या अख्खा तळवा आपल्या गालावर दाबला.

"जोरात लावा की आबा," ती रडत रडत हसली. "हळद हाय ही, बिब्बा नाय."