सोनूच्या डबीतलं बारावं

मानीबाईच्या मनात संशयाची पाल चुकचुकायला फार मोठं कारण लागत नसे. म्हशीनं पावशेर दूध कमी दिलं, तरी म्हैस कुणाला तरी फितूर झाली असं वाटणारी ती बाई. त्यात नातीचं लग्न बारा दिवसांवर आलेलं, आणि नात, म्हणजे सोनू, दिवसभर कानांत वायरी घालून फिरते. मग तर विचारूच नका.

सोयरीक जुळली त्याच दिवशी मानीबाईनं सोनूचा मोबाइल काढून घेतला होता. तो तिनं मुलाच्या, सुनीलच्या हवाली केला, आणि सुनील तो घेऊन वणीला कोळशाच्या ट्रकवर गेला. लग्नाआधी पोरीनं कुणाशी बोलायचं नाही, हा मानीबाईचा कायदा. तर पोरीनं आठवड्याभरात मुकुटबनच्या बाजारातून ही डबी आणली. काडेपेटीएवढी, पाठीला चिमटा, पुढे इवला पडदा नि पाच बटणं, आणि दोन वायरींपैकी एकीतूनच आवाज यायचा.

"गाण्याची डबी होय दादी, फोन नोहे," सोनू म्हणाली.

मानीबाईनं डबी उलटीपालटी करून पाहिली, हुंगलीसुद्धा. पुढच्या बाजाराला दुकानदार रोशनला जाऊन गाठलं. "इकडचं बोलणं तिकडं जाते काय यातून?"

"नाई जात मावशी. गाणे भरा, आवाज भरा, आयका. बस."

तरी तिचं समाधान झालं नाही. गाणं ऐकणारी पोर मान डोलावते, पाय हलवते. ही डोळे मिटून ओठ हलवायची. कपाशीत एकटी जाऊन बसायची आणि परत येताना ओढणीनं डोळे पुसायची. दादी जवळ आली की अंगठा बटणावर.

"कोणतं गाणं होय? मले बी आयकव."

"तुले नाई आवडणार दादी."

इथंच पाणी मुरत होतं. आणि सोमवारी मानीबाईनं जे पाहिलं त्यानं तर तिच्या पायाखालची वाळूच सरकली. सोनू लालीबाईच्या मागच्या दारातून बाहेर पडत होती.

लालीबाई म्हणजे मानीबाईच्या दिराची बायको. घर त्याच बंजारा तांड्याच्या दुसऱ्या टोकाला, पण दोघींत बावीस वर्षं शब्द नव्हता. मानीबाईची घुगरी-टोपली, म्हणजे केसांत अडकवून गालांवर लोंबणारा चांदीचा जोड, हरवली होती. तिनं भर तांड्यात लालीबाईचं नाव घेतलं. वर्षानं तो जोड जुन्या गोदडीच्या अस्तरात सापडला. मानीबाईनं तो पेटीच्या तळाशी ठेवला आणि तोंडातून अक्षर काढलं नाही. चूक कबूल करायची म्हणजे साऱ्या तांड्यापुढे मान खाली घालायची, आणि ती मान तशी वळत नव्हती.

आता लालीबाई सूड घेणार, हे तिला स्वच्छ दिसलं. डबीत कुणाचे तरी निरोप भरून पोरीला फूस लावत असणार. लग्न मोडलं की मानीबाईचं नाक कापलं जाणार.

दुसऱ्या दिवशी सोनू न्हायला बसली तशी मानीबाईनं उशीखालून डबी काढली आणि गोठ्यामागं गेली. आधी नेमकी मुकी वायर कानात घातली. मग दुसरी. बटण दाबलं.

आवाज लालीबाईचाच होता. ती रडत होती. रडत रडत गात होती.

मानीबाईनं तो ढावलो लगेच ओळखला. त्यांच्या तांड्यात नवरी सासरी निघताना एकेकाच्या गळ्यात पडून असं गात रडते. आईसाठी वेगळं, बापासाठी वेगळं, भावासाठी वेगळं. ज्या नवरीला ते येत नाही, तिच्याबद्दल बायका वर्षभर बोलतात. सोनू लहानपणापासून होस्टेलात शिकलेली. मांडवात ती मुकी उभी राहील, ही धास्ती मानीबाईलाही होती. पण शिकवणारा गळा तांड्यात एकच उरला होता, आणि त्या दारी ती जाणार नव्हती.

तिनं एकामागून एक ऐकलं. अकरा झाली. बाराव्याआधी लालीबाई साध्या आवाजात म्हणाली, "हे तुह्या दादीसाठी. तिच्या गळ्यात पडून म्हणजो."

मग सूर लागला. दादी, तुझी नजर माझ्या मागं मागं फिरली, त्या नजरेच्या कुंपणात मी वाढले. परक्या घरी माझी राखण कोण करील? मानीबाई कान टवकारून चांदीच्या उल्लेखाची वाट पाहत होती. आता येईल टोमणा, आता येईल. आला नाही. लालीबाईनं तिच्यासाठी नुसती मायाच गायली होती. मानीबाईला स्वतःची लाज वाटली, आणि ती चांगलीच वाटली.

तेवढ्यात सोनूची हाक आली. मानीबाईनं घाईनं मधलं बटण दाबून धरलं. पडद्यावर इंग्रजी अक्षरं उमटली. ती घालवायला तिनं पुन्हा दाबलं. आवाज बंद झाला, तशी तिनं डबी उशीखाली सरकवली.

संध्याकाळी सोनू रडवेली होऊन समोर उभी राहिली. "दादी, माह्या डबीले हात लावला काय?"

"मी कायले लावू?"

"बारावं पुसलं गेलं. अजून पाठ बी नव्हतं झालं. लाली दादी म्हणे, हे एकदाच म्हणीन, लय जड जाते मले. आता तुह्या गळ्यात पडून काय म्हणू मी?"

गप्प राहणं तिला येत होतं, बावीस वर्षांचा सराव होता. लग्नात सोनू सगळ्यांसाठी रडेल आणि तिच्यापुढे येऊन मुकी उभी राहील, एवढंच होईल. पण तेवढंच तिला सोसवेना. तिनं पेटी उघडली.

लालीबाई दारात मिरच्यांचे देठ खुडत होती. मानीबाईनं उंबऱ्यावर डबी ठेवली आणि शेजारी चांदीचा जोड ठेवला.

"गोदडीत सापडला. एकवीस वर्षं झाले."

लालीबाई त्या जोडाकडे बघत राहिली. "अन् आज सांगून राह्यली?"

"चुकलं माह्यं. उद्या तांड्यात बी सांगीन. बारावं माह्या हातानं पुसलं गेलं, लालीबाई. पुन्हा म्हण."

"कोणासाठी?"

"माह्यासाठी."

लालीबाईनं हात पदराला पुसले. सोनूनं शिकवलं होतं तसं डबीचं बटण दाबलं. "गळा धरल्याबिगर येत नाई ते. मांगच्या खेपेले घराच्या खांबाले मिठी मारून म्हटलं होतं," ती म्हणाली आणि उठून मानीबाईच्या गळ्यात पडली.

नव्या बाराव्यात शब्द नीट लागत नाहीत. दोन म्हाताऱ्या रडताहेत, एवढंच कळतं. सोनूनं ते तसंच पाठ केलं.