हिलालच्या नावाचा श्वास

"फुंका, फुंका! थांबू नका… अजून… अजून… बास."

समोरच्या माणसाने तोंडातली नळी काढली. कुंदाबाईंनी आकडा पाहिला. पावणेचार लिटर. मग गेल्या वर्षीचा कागद काढला. हिलाल सुका पाटील, वय बावन्न, पाचोऱ्याकडच्या जिनिंगमध्ये कामगार. छाती भरून घेऊन एका दमात बाहेर सोडलेली हवा: अडीच लिटर.

जळगावच्या या तपासणी केंद्रात सोळा वर्षं हे यंत्र चालवताना कुंदाबाईंचा माणसांवरचा विश्वास उडाला होता. आजारपणाचा दाखला हवा असलेले मुद्दाम हळू फुंकत. नोकरी टिकवू पाहणाऱ्यांची मात्र पंचाईत. छातीत आहे त्याहून जास्त फुंकता येत नाही. कापसाच्या धुळीत वीस वर्षं काढलेली छाती एका वर्षात सव्वा लिटरने वाढली कशी?

"उंची जुन्या कागदावरून घेतली होती. जरा भिंतीशी उभे राहा."

एकशे एकाहत्तर. कागदावर एकशे त्रेसष्ट.

"बावन्नाव्या वर्षी आठ सेंटीमीटर वाढलात?"

"मागला साले चुकनं व्हई, बाई."

"नाव काय तुमचं?"

"हिलाल शे ना."

"खरं नाव."

त्याने मान खाली घातली. "भिकन. हिलाल मना मोठा भाऊ शे. बाहेर बाकवर बठेल शे. बाई, त्याले कामवरून काढी टाकतीन."

"बोलवा त्यांना."

हिलाल आत आला आणि खुर्चीत बसून आधी दम खाऊ लागला. हाही नाटक करत असेल, असं कुंदाबाईंना सवयीने वाटून गेलं. त्यांनी नाकाला चिमटा लावला, नळी दिली. तीनदा फुंकायला लावलं. दोन पूर्णांक एक. दोन पूर्णांक एक. दोन. मुद्दाम कमी फुंकणाऱ्याचे आकडे असे जुळत नाहीत. त्यांना स्वतःचीच थोडी शरम वाटली.

"बठ्ठी हवा काढी मी," हिलाल म्हणाला. "तरी छाती भरेलच वाटस."

"सगळी कुणाचीच निघत नाही, भाऊ. थोडी आत उरतेच. तुमची जास्त उरत असावी. ती या यंत्राला मोजता येत नाही."

"मंग कागदवर काय लिखशात?"

"जे आलं ते."

भिकन पुढे सरसावला. हिलालने त्याचा हात धरला.

"लिखा," तो म्हणाला. "पन मना नाववर मनाच श्वास लिखा."

केंद्राच्या डॉक्टरांनी कागदाखाली शेरा दिला: कापसाच्या धुळीतलं काम बंद. कुंदाबाईंनी एक प्रत हिलालच्या हातात दिली. त्याने ती घडी घालून खिशात ठेवली, आणि भावाला घेऊन निघाला.

त्या दारापर्यंत आल्या. हिलाल जिना उतरत होता, कठड्याला धरून, मधेमधे थांबत. दोन पायऱ्या पुढे असलेला भिकन मागे वळून पाहत नव्हता. भावाची पावलं थांबली की तोही वाकून चपलेचा पट्टा नीट करत होता.